जोड कोण लावतो?

बॉक्सिंगच्या कार्यक्रमाचं तिकीट हातात आलं की लोक मुख्य लढत कुणाची ते बघतात. हॉलवर पोचल्यावर बघायची ती रुग्णवाहिका. ती आहे का एवढंच विचारून भागत नाही. तिचं तोंड रस्त्याकडे आहे का, पुढे कुणाची फॉर्च्युनर आडवी लागलीय का, चालक गाडीत आहे की वडापावच्या गाडीपाशी, रिंगपासून तिथवर स्ट्रेचर सरळ जातं का की मध्ये चार पायऱ्या आणि एक बंद शटर आहे, हे सगळं बघायचं. छोट्या लढतींसाठी जागा काहीही चालते. लग्नाचा हॉल, मॉलमधली मोकळी जागा, वागळे इस्टेट नाहीतर महापेतला रिकामा गाळा. रिंग तीन-चार तासांत उभी राहते. स्ट्रेचरचा रस्ता मात्र कुणी आखून ठेवलेला नसतो.

मेंदू आणि त्याच्यावरचं जाड आवरण यांच्यामध्ये बारीक शिरांचे पूल असतात. ठोसा जबड्यावर बसतो, डोकं झटक्यात वळतं, आतला मेंदू त्या वेगाने वळत नाही आणि ओढाताणीत एखादी शीर तुटते. रक्त हळूहळू साचत जातं. म्हणूनच मुलगा लढत पुरी करतो, कधीकधी जिंकतोसुद्धा. खुर्चीत बसतो, पाणी मागतो, डोकं दुखतंय म्हणतो, उलटी करतो, आणि मग त्याच्या एका डोळ्याची बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा मोठी दिसायला लागते. ती दिसेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. तिथे हजर असलेल्या डॉक्टरने श्वासमार्ग मोकळा ठेवायचा, ऑक्सिजन सुरू करायचा, मान हलू द्यायची नाही आणि थेट न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय गाठायचं. कवटी उघडून ते रक्त काढल्याशिवाय दाब उतरत नाही.

हे सगळं जगाने मायकेल वॉटसनच्या जिवावर शिकून घेतलं. २१ सप्टेंबर १९९१, लंडन, ख्रिस युबँकविरुद्धची लढत. ती बाराव्या फेरीत थांबली आणि वॉटसन कोसळला. डॉक्टर हजर होते, पण अशा रुग्णाला तिथल्या तिथे सावरण्याची तयारी नव्हती. पहिल्यांदा ज्या रुग्णालयात नेलं तिथे मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती, म्हणून तिथून दुसरीकडे हलवावं लागलं. वॉटसन ४० दिवस कोमात होता, डोक्यावर सहा शस्त्रक्रिया झाल्या. पुढे त्याने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डावरच दावा लावला आणि तो जिंकला. नियम करणाऱ्या संस्थेवर खेळाडूच्या जिवाची जबाबदारी येते, असं न्यायालयाने म्हटलं. आज तिथे रिंगपाशी जी वैद्यकीय तयारी असते तिचा उगम बराचसा या निकालात आहे.

हेच अंतर ठाण्यात मोजून बघा. हॉल घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या आसपास आहे असं धरा. शनिवार, रात्रीचे साडेदहा. मेट्रोच्या खांबांनी आधीच अरुंद झालेला रस्ता, अवजड वाहनं सुटलेली, आणि पुढे मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा. नकाशात दिसणारी मिनिटं तिथे उपयोगाची नाहीत. आयोजकाने आदल्या शनिवारी त्याच वेळेला गाडी घालून बघावं. ‘जवळच हॉस्पिटल आहे’ हे उत्तर कुणी दिलं तर पुढचे प्रश्न विचारावेत. रात्री सीटी स्कॅन सुरू असतं का? न्यूरोसर्जन रुग्णालयात असतो की फोन केल्यावर घरून निघतो, आणि घर मुलुंडला आहे की बोरिवलीला? व्हेंटिलेटरचा पलंग मोकळा आहे का? कार्यक्रमाची तारीख आणि वेळ तिथल्या अपघात विभागाला लेखी कळवली आहे का? नवी मुंबईत रस्ते रुंद आहेत, पण वाशीच्या खाडीपुलापलीकडचं रुग्णालय ठरवलं असेल तर हिशेब तोच.

अर्थात पैसा आणि नावलौकिक असलेल्या जागीही हे बिघडतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मागोमेद अब्दुसलामोव्ह दहा फेऱ्या खेळला आणि गुणांवर हरला. चेहरा सुजलेला, डोकं दुखत होतं. दाराशी रुग्णवाहिका असताना त्याला टॅक्सीने रुग्णालयात जावं लागलं. मेंदूत रक्त साचलं होतं. तो वाचला, पण आयुष्यभराचा परावलंबी झाला. २०१७ साली न्यूयॉर्क राज्याने तडजोडीत त्याच्या कुटुंबाला २.२ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. टॅक्सीचं भाडं कितीसं झालं असेल!

आता मूळ मुद्दा. बॉक्सिंगमधला भ्रष्टाचार म्हटलं की लोकांना आधी ठरवून हरलेली लढत आठवते, आपण जिला नुरा कुस्ती म्हणतो ती. जेक लामोटाने १९४७ साली बिली फॉक्सपुढे मुद्दाम मार खाल्ला आणि १९६० साली अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे ते कबूल केलं. हरण्याच्या बदल्यात त्याला जगज्जेतेपदाची लढत हवी होती, ती १९४९ मध्ये मिळालीही. लाजिरवाणं आहेच. पण माझं मत थोडं वाकडं आहे. नुरा कुस्तीत सहसा कुणाचं डोकं फुटत नाही. दोघांनाही निकाल ठाऊक असतो. माणूस मरतो तो खऱ्या लढतीत, जिचा निकाल एकट्या आयोजकाला ठाऊक असतो.

गावच्या जत्रेत कुस्त्या लागतात तेव्हा पंच जोड लावतात. दोन पोरं समोरासमोर उभी करतात, उंची बघतात, मांड्या-दंड बघतात, कुणाच्या तालमीतला आहे विचारतात. जोड जुळत नसेल तर भोवतालचं पब्लिकच ओरडतं, ‘अहो, लहान आहे तो, बसवा त्याला!’ लावणाऱ्याचा त्यात वैयक्तिक फायदा फारसा नसतो. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जोड लावणारा माणूस दोघांपैकी एकाचा मालक असू शकतो. त्याला आपल्या पोराच्या नावापुढे पंधरा सामने, पंधरा विजय असा आकडा हवा असतो, कारण त्या आकड्यावर पुढची मोठी लढत विकली जाते. मग समोर कोण आणायचा? वीसपैकी पंधरा हरलेला, दोन दिवस आधी फोन करून बोलावलेला, महिन्यापूर्वी दुसऱ्या शहरात बेशुद्ध पडून आलेला. त्याला घरभाडं द्यायचं असतं. तो येतो.

या जोडीला कागदावर मान्यता देणारी यंत्रणाही विकत मिळते. इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनचे संस्थापक बॉब ली यांच्यावर अमेरिकेत खटला चालला तेव्हा क्रमवारीत वर चढण्यासाठी पैसे दिल्याच्या साक्षी झाल्या. २००० साली ते मनी लाँडरिंग आणि करचुकवेगिरीत दोषी ठरले. क्रमवारी हा हिशेबनिसाचा विषय वाटतो, पण आव्हानवीर म्हणून उभं राहायचं तर यादीत पहिल्या पंधरांत नाव लागतं. ज्याची ती लायकी नाही तो पैशाने यादीत आला की त्याला जगज्जेत्यासमोर उभं करायला कुणाचीच आडकाठी उरत नाही. लाच ऑफिसात दिली जाते, तिची वसुली रिंगमध्ये त्याच्या डोक्यातून होते.

सगळ्यात साधी फसवणूक मात्र मुठीत असते, आणि ती समजून घ्यायची तर हात बांधताना बघायला हवं. मऊ गॉझचं बँडेज, दोन इंच रुंद. अमेरिकेत नेवाडाच्या नियमाप्रमाणे एका हाताला जास्तीत जास्त २० यार्ड, म्हणजे साधारण १८ मीटर. ते जागेवर धरायला चिकटपट्टी १० फुटांपर्यंत. आधी मनगटाला वेढे, मग तळहाताभोवती, अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यांतून, आणि शेवटी बोटांच्या उंचवट्यांवर गॉझची घडी. मनगटाजवळ थेट कातडीवर चिकटपट्टीचा एक वेढा चालतो, पण त्याने उंचवट्यांपासून पाऊण इंच लांब राहायचं. हे सगळं हात मोडू नये म्हणून. चोर काय करतो, तर एक थर गॉझ, एक थर चिकटपट्टी, पुन्हा गॉझ, पुन्हा चिकटपट्टी. असे थर चढले की मूठ लाकडासारखी होते.

त्याहून पुढची पायरी पीओपीची. पीओपी काय चीज आहे हे ठाणेकराला सांगायला नको. गणपती त्याचे, घराचं सिलिंग त्याचं, हात मोडला की प्लास्टर त्याचं. पूड असते तोवर मऊ, पाणी लागलं की काही मिनिटांत दगड. बॉक्सरच्या मुठीत वेगळं पाणी घालावं लागत नाही. घाम आहे. जानेवारी २००९ मध्ये लॉस एंजेलिसला शेन मोझलीचे प्रशिक्षक नाझीम रिचर्डसन प्रतिस्पर्धी अँटोनियो मार्गारितोचे हात बांधताना समोर उभे होते. त्यांना आतली घडी खटकली, त्यांनी हट्ट धरून ती उघडायला लावली. तपासणीत तिच्यात कॅल्शियम आणि गंधक सापडलं, म्हणजे पीओपीचे घटक. मार्गारितोचा परवाना गेला. मोझली जिंकला, पण त्या संध्याकाळी त्याचं डोकं वाचवलं ते रिचर्डसन यांच्या संशयी नजरेने.

बिली कॉलिन्सच्या बाजूने तसं कुणी नव्हतं. १६ जून १९८३, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. चौदा लढती जिंकलेला, एकही न हरलेला पोरगा. समोर लुईस रेस्टो. दहा फेऱ्यांनंतर कॉलिन्सचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. रेस्टो हस्तांदोलनाला आला तेव्हा कॉलिन्सच्या वडिलांनी त्याचा ग्लोव्ह दाबला आणि तिथेच ओरडले, आत काही नाहीये! ग्लोव्ह ८ औंसांचे होते, म्हणजे प्रत्येकी २२७ ग्रॅमच्या आसपास. प्रत्येकातून औंसभर भरण काढून टाकलेलं निघालं. औंस म्हणजे २८ ग्रॅम. प्रशिक्षक पनामा लुईस आणि रेस्टो, दोघेही तुरुंगात गेले. हाताच्या बँडेजलाही प्लास्टर लावलं होतं, हे रेस्टोने कित्येक वर्षांनी कबूल केलं. कॉलिन्सची दृष्टी अधू झाली, खेळ संपला, आणि १९८४ मध्ये तो गाडीच्या अपघातात गेला.

यावरचा उपाय महाग नाही. गॉझची पाकिटं सीलबंद आणायची आणि समोर फोडायची. बांधताना विरुद्ध बाजूचा माणूस हजर ठेवायचा. बांधून झालं की तपासणीसाने अंगठ्याने उंचवटे दाबून बघायचे आणि बँडेजवर मार्करने सही करायची. ग्लोव्ह आतून चाचपायचा, अस्तराला चीर आहे का बघायची. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवायचा. १० औंसाचा असेल तर २८३ ग्रॅमच्या जवळपास यायला हवा. नाड्या बांधल्यावर त्यांवर चिकटपट्टी आणि पुन्हा सही. छोट्या कार्यक्रमात मात्र वेगळाच घोटाळा होतो, आणि त्यात कुणी चोरही नसतो. आयोजक ग्लोव्हच्या दोनच जोड्या आणतो. पहिल्या लढतीचे घामेजलेले ग्लोव्ह दुसऱ्या लढतीला, ते तिसरीला. सहाव्या लढतीपर्यंत भरण चेपून पापड झालेलं असतं. शिवाय ग्लोव्ह मुळात वाचवतो हाताला. उघड्या मुठीने माणूस डोक्यावर इतक्या जोरात, इतक्या वेळा मारूच शकत नाही, बोटं मोडतील. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

वजनाचं प्रकरण तितकंच जुनं. वजन आदल्या दिवशी होतं, म्हणून मुलं पाणी तोडून गटात बसतात. मे महिन्यात उपवनभोवती प्लास्टिकचा सूट घालून धावणारं पोर दिसलं तर ओळखावं. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही, आतलं तापमान चढत जातं. वजनाचा काटा हलला की हा घटाघटा पाणी पितो, वजन परत येतं, पण मेंदूभोवतीचं पाणी एका रात्रीत जागेवर येतं का, याची डॉक्टरांना शंका आहे. काटाही साधी गोष्ट नाही. २००० साली न्यूयॉर्कमध्ये आर्टुरो गॅटी १४१ पौंडांच्या लढतीसाठी काट्यावर चढला आणि काटा स्थिरावण्याआधी उतरला, अशी तक्रार होती. लढतीच्या रात्री तो १६० पौंडांचा भरला. समोरचा जोई गमाश १४५. दुसऱ्याच फेरीत गमाश बेशुद्ध पडला, मेंदूला कायमची इजा झाली. वजन घेण्यात न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने हयगय केली, असं न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं, भरपाई मात्र दिली नाही. काटा सतरंजीवर नव्हे, कडक फरशीवर ठेवावा, आधी माहीत असलेलं वजन ठेवून तपासावा, आणि लढतीच्या सकाळी पुन्हा एकदा वजन घ्यावं. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल तर ३० दिवस आधी गटाच्या मर्यादेहून १० टक्के आणि ७ दिवस आधी ५ टक्के, एवढीच सूट देते. छोट्या कार्यक्रमाला ही रीत उचलायला काय जातं? व्हॉट्सअॅपवर काट्याचा व्हिडिओ मागवायचा.

गुणांच्या घोटाळ्यांवर सगळ्यात जास्त शाई सांडते, म्हणून इथे थोडक्यात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत रॉय जोन्सचे ८६ ठोसे बसले, पार्क सी-हुनचे ३२, आणि पंचांनी ३-२ ने पार्कला विजयी केलं. मग बटणं दाबून गुण द्यायची यंत्रं आली, ती गेली, आणि रिओ २०१६ नंतर ३६ पंच बाजूला ठेवावे लागले. जून २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीने बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेची मान्यताच काढली. अन्याय खराच. पण जोन्स त्या रात्री आपल्या पायांनी खोलीवर गेला.

अमेरिकेत १९९६ आणि २००० साली दोन कायदे झाले. पहिल्याने बॉक्सरला ओळखपत्र दिलं आणि एका राज्याने घातलेली वैद्यकीय बंदी दुसऱ्याला पाळायला लावली, कारण नाव बदलून शेजारच्या राज्यात खेळणारे थोडे नव्हते. दुसरा मुहम्मद अलीच्या नावाचा. त्याने लढत भरवणारा प्रवर्तक आणि बॉक्सरचे व्यवहार बघणारा व्यवस्थापक यांच्यात भिंत घातली आणि लढतीतून कुणाला किती मिळतात हे बॉक्सरला कळेल असं केलं. त्यालाही पळवाटा फुटल्या. आपल्याकडे व्यावसायिक बॉक्सिंगसाठी असा खास कायदाच नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये वरळीला विजेंदर सिंगची लढत झाली तेव्हा मुंबईने हा खेळ झगमगाटात बघितला. तो झगमगाट परवडणाऱ्या कार्यक्रमात तयारी होते. प्रश्न त्याखालच्यांचा आहे, जिथे रेफ्री, गुण देणारे पंच आणि डॉक्टर या तिघांनाही पाकीट आयोजकाच्याच हातून मिळतं. लढत थांबवणाऱ्या डॉक्टरला पुढच्या वेळी बोलावणं येत नाही. कुणी धमकी देत नाही, फोन येत नाही, इतकंच. शिवाय बॉक्सिंग, किकबॉक्सिंग आणि पिंजऱ्यात खेळली जाणारी एमएमए यांची मिळून एक नोंदवही नाही. या शनिवारी पिंजऱ्यात बेशुद्ध पडलेला मुलगा पुढच्या महिन्यात रिंगमध्ये उभा राहिला तर अडवणार कोण? ठोसा खाऊन बेशुद्ध पडलेल्याला किमान ६० दिवस विश्रांती, हा बाहेरचा साधा नियम. इथे तो आईच्या धाकावर चालतो.

आईवरून आठवलं. क्लासला पोरगं घालताना बाया एकच प्रश्न विचारतात, ‘सर, डोक्याला काही होणार नाही ना?’ आणि सर म्हणतात, ‘हेडगार्ड असतं ना, काकू.’ हेडगार्ड भुवई फाटू देत नाही, कान वाचवतं. डोकं झटक्याने वळणं ते थांबवत नाही. पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधून ते २०१३ मध्ये काढूनही टाकलं. काकूंनी खरं तर विचारायला हवं की आठवड्यात डोक्यावर मारामारीचा सराव किती दिवस, कुणाबरोबर, आणि डोकं दुखतंय म्हणाला तर किती दिवस घरी बसवता. बहुतेक ठोसे सरावातच बसतात. आणि पोरं सांगत नाहीत. डोकं दुखतंय म्हटलं की नाव कटतं, हे त्यांना ठाऊक असतं.

फेऱ्या कमी करा, हा उपाय दर मृत्यूनंतर निघतो. १९८२ मध्ये लास वेगासला दुक कू किम चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांत गेला. पंधराच्या बारा झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोच्या एकाच कार्यक्रमातले दोन बॉक्सर मेंदूच्या रक्तस्रावाने गेले. तिथल्या विभागीय किताबाच्या लढतींत बाराच्या दहा फेऱ्या झाल्या. बरंच झालं. पण सगळं नीट होऊनही माणूस जातो. जुलै २०१९ मध्ये मॅक्सिम दादाशेवला त्याचे प्रशिक्षक बडी मॅकगर्ट यांनी अकराव्या फेरीनंतर स्टुलावर विनवलं, बस झालं. तो मान हलवून नाही म्हणत राहिला. मॅकगर्ट यांनी ऐकलं नाही, लढत थांबवली. ड्रेसिंग रूमपर्यंत पोचण्याआधीच दादाशेव कोसळला, लगेच शस्त्रक्रिया झाली, चौथ्या दिवशी तो गेला. मॅकगर्ट यांच्या जागी दुसरा असता तर त्याने कदाचित बारावी फेरीही खेळू दिली असती.

म्हणून पुन्हा रुग्णवाहिका. एक असेल आणि ती एखाद्याला घेऊन निघाली, तर ती परत येईपर्यंत किंवा दुसरी दाराशी लागेपर्यंत पुढची घंटा वाजवायची नाही. हॉलमध्ये शिट्ट्या सुरू होतात, मागून कुणीतरी ‘चालू करा रे’ ओरडतं, सूत्रसंचालक प्रायोजकांची नावं दुसऱ्यांदा वाचतो, हॉलवाला साडेअकराची वेळ दाखवतो. पुढच्या लढतीची दोन पोरं ग्लोव्ह बांधून, सह्या झालेले हात मांडीवर ठेवून बसलेली असतात. त्या हातांनी स्वतःची पाण्याची बाटलीही उघडता येत नाही. कुणीतरी ती त्यांच्या तोंडाला लावतो. घंटेपाशी बसलेला माणूस दाराकडे बघत असतो.